पूर्ण मनाने प्रभूच्या मागे: वैयक्तिक भक्तीची घडी कशी बसवावी

यहूदाचा राजा अमस्या याच्याविषयी शास्त्राचा (बायबलचा) अभिप्राय एका वाक्यात आहे. परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते त्याने केलं, पण पूर्ण मनाने केलं नाही (२ इतिहास २५:२). आपल्याला वाटतं, आज्ञा पाळताना टंगळमंगळ करणारा असेल. तोच अध्याय पुढे वाचला की तो समज गळून पडतो. बापाच्या मारेकऱ्यांना त्याने शिक्षा केली, पण नियमशास्त्राला धरून त्यांच्या मुलांना हात लावला नाही. अदोमावर चाल करायला त्याने शंभर किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं मोजून इस्राएलातून एक लाख लढवय्ये आणले होते. देवाच्या माणसाने सांगितलं, यांना परत पाठव. राजाने अगदी व्यवहारी प्रश्न विचारला, मग माझ्या शंभर किक्कारांचं काय? परमेश्वर तुला याहून कितीतरी अधिक देऊ शकतो, असं उत्तर आलं आणि त्याने खरोखरच ती फौज माघारी धाडली. एवढं नुकसान सोसून आज्ञा पाळणाऱ्याला आपण तर भक्तांच्या पहिल्या रांगेत बसवलं असतं. पण लढाई जिंकून येताना त्याने हरलेल्या सेईरवासीयांच्या, म्हणजे अदोमी लोकांच्या, मूर्ती बरोबर आणल्या आणि त्यांच्यापुढे धूप जाळला.

त्याच ग्रंथात आसा राजा आहे. त्याच्या कारकिर्दीत उच्चस्थानं (टेकड्यांवरची पूजास्थळं) पूर्ण काढली गेली नाहीत, तरी त्याचं मन परमेश्वराशी सरळ होतं असं म्हटलंय (२ इतिहास १५:१७). त्याची पुढची वर्षं काही आदर्श नव्हती, तरीही.

या दोघांना शेजारी ठेवलं की पूर्ण मन म्हणजे काय याचा अंदाज येतो. किती आज्ञा पाळल्या, किती तास प्रार्थना केली, डोळ्यांत किती पाणी आलं, याने ते मोजता येत नाही. मनाचा एखादा भाग प्रभूला दाखवायचाच नाही असं आपण ठरवलंय का, एवढाच तो प्रश्न. उत्कटता येते आणि जाते. न लपवण्याची सवय मात्र लावून घेता येते, आणि पुढचं सगळं त्या सवयीसाठी आहे.

सुरुवात वहीच्या एका पानापासून

नवा नेम धरण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा. मार्क १२:३० वाचा: संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने, संपूर्ण बुद्धीने, संपूर्ण शक्तीने. मग कुणाच्याही हाती पडणार नाही अशा वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

डोकं रिकामं असतं तेव्हा विचार कुठे जातात? कोणती गोष्ट हातातून गेली तर मी देवावर रागावेन? आणि प्रार्थनेत मी कोणता विषय कधीच काढत नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा लगेच सुचतात. तिसरं अवघड, आणि माझ्या मते सर्वांत कामाचं. माणूस आजारी नातेवाइकांसाठी, नोकरीसाठी, मंडळीसाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करतो. पण भावाबरोबरचा जमिनीचा वाद, रात्री एकट्याने मोबाईलवर जे बघतो ते, लग्नाबद्दलची निराशा, एखाद्या सहकाऱ्याचा हेवा, यातलं काहीतरी तोंडातून निघतच नाही. विसरतो म्हणून नव्हे. तो विषय काढला तर उत्तर येईल, याची कल्पना असते म्हणून.

पानावर चार-पाच गोष्टी आल्या तर सगळ्यांशी एकदम झुंजायला जाऊ नका. मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसाला येशूने दोषांची यादी वाचून दाखवली नाही. तुझ्यात एक उणे आहे, एवढंच सांगितलं. आणि ते सांगण्याआधी येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो (१०:२१). तुम्हीही एकच गोष्ट निवडा. तिच्याखाली स्तोत्र ८६:११ मधली विनंती आपल्या शब्दांत लिहा: प्रभू, माझं मन विखुरलेलं आहे, तुझं भय धरण्यासाठी ते एकवट. पुढचे तीन महिने हीच तुमची रोजची पहिली प्रार्थना.

इथे दोन सूचना. ज्यांचं मन मुळातच भित्रं आहे, क्षमा झालेल्या पापांची पुन्हा पुन्हा चौकशी करत बसतं, त्यांनी हे पान एकट्याने लिहू नये. पाळकांबरोबर किंवा एखाद्या समंजस वडीलधाऱ्या विश्वासूबरोबर बसून लिहावं. आणि भावनेच्या भरात नवस बोलू नका. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं उपदेशक सांगतो (५:५). सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही असं येशूचा शिष्य पेत्र मनापासूनच म्हणाला होता, आणि कोंबडा आरवण्याआधी त्याने येशूला तीनदा नाकारलं ते आपण जाणतो. “आयुष्यभर रोज दोन तास” यापेक्षा “उद्या सकाळी वीस मिनिटं” हे म्हणणं अधिक प्रामाणिक आहे.

वेळ आणि जागा

येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला (मार्क १:३५). दानीएल दिवसातून तीनदा यरुशलेमेच्या दिशेने उघड्या असलेल्या खिडक्यांपाशी गुडघे टेकत असे. स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ, दुपार अशा तिन्ही वेळा सांगतो (५५:१७). तेव्हा पहाटेची वेळ उत्तम असली तरी ती आज्ञा नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने पहाट साधली नाही म्हणून अपराधी वाटून घेण्याचं काहीही कारण नाही. दिवसात आपलं डोकं सर्वांत जागं असतं अशी वेळ शोधा आणि तिच्यातला तुकडा द्या. उरलासुरला देऊ नका.

पंधरा ते वीस मिनिटांपासून सुरू करा. ठरलेली पंधरा मिनिटं रोज, ही अधूनमधून लागणाऱ्या दीड तासाच्या समाधीपेक्षा कितीतरी मोलाची. जागाही ठरलेली असू द्या, मग ती दोन खोल्यांच्या घरातला कोपरा असो नाहीतर गच्चीचा जिना. दार लावून घे, असं येशूने सांगितलं (मत्तय ६:६) ते कुणी बघू नये म्हणून. आज दाराबाहेर ठेवण्याची पहिली वस्तू म्हणजे मोबाईल. शास्त्र ॲपवर वाचता येतं हे खरं, पण त्याच काचेवर बाकीचं सगळं जगही येऊन उभं राहतं. जमेल तर छापील शास्त्र घ्या, आणि उद्या वाचायचं पान आदल्या रात्रीच खूण घालून ठेवा. सकाळी “आज काय वाचू” यात पाच मिनिटं गेली की उरलेली दहाही जातात.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. चुकला तो चुकला. पुढच्या खुणेपासून वाचा.

वचन: एक वाचन सलग, एक सावकाश

शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. रोज साधारण सव्वातीन अध्याय वाचले की वर्षात ते पूर्ण होतं. नव्या कराराचे २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्यात पाच दिवस, रोज एक अध्याय घेतला तरी बरोबर वर्ष लागतं आणि दोन दिवस मोकळे राहतात. ज्यांनी कधीच नेमाने वाचलेलं नाही त्यांना मी हा दुसरा हिशेब सुचवीन. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वाचनाचं एक वेळापत्रक केलं. त्यात वर्षातून एकदा जुना करार आणि दोनदा नवा करार व स्तोत्रं होतात. ते आजही जगभर वापरलं जातं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की वेळापत्रकाबरोबरच मॅकचेन यांनी त्याचे धोकेही लिहून ठेवले होते: नुसता उपचार होईल, नेम पाळला म्हणून आपण नीतिमान असं वाटेल, वाचन बेफिकीर होईल, काहींना ते जू जड जाईल. वेळापत्रक करणाऱ्याने स्वतःच ही जाण ठेवली होती, ती आपणही ठेवावी.

सलग वाचनाने शास्त्राचा आवाका कळतो. पण मनाचा लपवलेला भाग उघडतो तो सावकाश वाचनाने. बाराव्या शतकात ग्विगो (दुसरा) नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग प्रभूच्या सान्निध्यात नुसतं असणं. मार्क १०:४६–५२, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट, घेऊन हे प्रत्यक्ष करून बघू.

आधी मोठ्याने वाचा, हलक्या आवाजात का होईना. सात वचनं आहेत. घाई न करता दोन मिनिटं लागतात. मग पुन्हा वाचा आणि या वेळी पटकन नजर सरकते तिथे थांबा. वाटेच्या कडेला बसलेला माणूस ओरडतोय. पुष्कळ जण त्याला गप्प राहायला दटावताहेत. यांतले बरेच येशूच्या मागून चाललेले, म्हणजे आपल्यासारखे. तो आणखीच ओरडतो. येशू थांबतो. मग “धीर धर, ऊठ, तो तुला बोलावत आहे.” बार्तीमय आपलं वस्त्र टाकून उठतो. भीक मागणाऱ्या आंधळ्याकडे अशी किती वस्त्रं असणार? आणि गर्दीत फेकलेलं वस्त्र दिसत नसताना परत कसं शोधणार? मार्कने ही बारीक गोष्ट उगाच टिपलेली नाही. याच अध्यायात थोडं मागे एक माणूस खूप मालमत्ता असल्यामुळे खिन्न होऊन निघून गेलाय.

आता येशूचा प्रश्न: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? अध्याय मागे उलटा. छत्तिसाव्या वचनात हाच प्रश्न त्याने याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना विचारलाय. त्यांनी गौरवात उजवी-डावीकडच्या जागा मागितल्या होत्या. प्रश्न तोच, पण एकाने दृष्टी मागितली आणि दोघांनी मान.

मनन म्हणजे इथे थांबून हा प्रश्न स्वतःला विचारू देणं. वहीतल्या त्या पानाबद्दल येशूने मला आज हेच विचारलं तर मी काय मागेन? ती सवय सुटावी असं मागेन, की तिचे परिणाम तेवढे टळावेत असं? तो वाद मिटावा असं, की माझ्या बाजूने लागावा असं? जे उत्तर येईल ते जसंच्या तसं प्रार्थनेत बोला, ओशाळवाणं असलं तरी. “प्रभू, खरं सांगायचं तर मला सुटका नकोय, फक्त भीती जायला हवी आहे.” ही प्रार्थना गोड नाही, पण खरी आहे. आणि शेवटी दोन-तीन मिनिटं काहीही न मागता, न बोलता बसा. ही चौथी पायरी बहुतेक जण गाळतात, कारण त्यात “काही झालं” असं वाटत नाही.

अशी एक गोष्ट आठवडाभर पुरते. रोज नवा उतारा हवाच असं नाही.

प्रार्थनेला शब्द कुठून आणायचे

आपल्या शब्दांत प्रार्थना करावी हे खरं, पण आपले शब्द लवकर संपतात आणि मग तीच चार वाक्यं फिरत राहतात. त्यावर उपाय जुना आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या “दीदाखे” या लेखनात विश्वासणाऱ्यांना प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगितलंय. ती घाईने म्हणून टाकण्याऐवजी एकेका ओळीवर थांबा. “तुझं राज्य येवो” म्हटलं की आज माझ्या हातात असलेल्या कोणत्या कामावर त्याचं राज्य यायला हवं, ते नाव घेऊन सांगा. “आमची ऋणे आम्हांला सोड” यापाशी कालची गोष्ट काढा, आणि त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग टाळू नका.

स्तोत्रं १५० आहेत. रोज पाच वाचली तर महिन्यात सगळी होतात, रोज एक घेतलं तर साधारण पाच महिन्यांत. त्यात कृतज्ञता आहे तशी चीड आहे, सूडाची भाषा आहे, देवा झोपलास का असा सवाल आहे. सभ्य प्रार्थनेची सवय झालेल्यांना स्तोत्रं थोडी हादरवतात, आणि ते चांगलंच आहे.

इतरांसाठी प्रार्थना करताना नावं आठवड्याच्या दिवसांत वाटून घ्या: सोमवारी घरचे, मंगळवारी आजारी, असं. ज्याच्याशी पटत नाही त्याचं नाव कोणत्या तरी एका दिवसात असलंच पाहिजे.

मन भरकटतं ही तक्रार सगळ्यांची. बिल भरायचं राहिलं असं आठवलं तर वहीच्या कडेला लिहा आणि परत या. पण तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली तर तिला हाकलू नका, प्रार्थनेचा विषयच ती करा. वारंवार येणारा व्यत्यय बऱ्याचदा त्या पानावरच्याच गोष्टीचा असतो.

कामाच्या मधोमध

पारसाच्या अर्तहशश्त राजाने आपला प्यालेबरदार नहेम्या याला विचारलं, तुझी काय विनंती आहे? नहेम्या सांगतो, मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं (नहेम्या २:४–५). राजापुढे उभं असताना किती वेळ मिळाला असेल? एका श्वासाएवढा. पण त्या श्वासामागे पहिल्या अध्यायातला उपास आणि अश्रू आहेत. लांब प्रार्थनेची सवय असली की छोटी प्रार्थना वेळेवर सुचते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. शिक्षण बेताचं, वर्षानुवर्षं काम मठाच्या स्वयंपाकघरात, आणि पुढे वहाणा दुरुस्त करण्याचं. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत फरक पडू नये, हा त्यांचा ध्यास होता. आपण त्याची सुरुवात दिवसातल्या तीन ठरलेल्या खुणांनी करू शकतो: कामाला बसताना, जेवणाआधी, घराचं दार उघडताना. प्रत्येक खुणेवर एक वाक्य. दार उघडतानाचं वाक्य विशेष जपा, कारण बाहेरचा वैताग घरच्यांवर निघतो तो त्याच क्षणी.

कलस्सैकरांस ३:२३ मध्ये पौल दासांना उद्देशून लिहितो की जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ज्यांच्या कामाचं श्रेय कधीच त्यांच्या वाट्याला येत नव्हतं, त्यांना हे सांगितलंय.

रात्रीची दहा मिनिटं

इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाचा आढावा घेण्याची जी रीत शिकवली ती पाच भागांची आहे: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमा, आणि उद्यासाठी निश्चय. क्रम लक्षात घ्या. सुरुवात पापांपासून नाही, आभारांपासून आहे. उलट केलं की आढावा म्हणजे स्वतःची उलटतपासणी होते आणि आठवड्याभरात माणूस ती सोडून देतो.

वहीत लिहायचं तर एवढं पुरे: “आभार: दुपारी ताप उतरला. कुठे निसटलो: बैठकीत तिची चूक सगळ्यांसमोर काढली, खरं म्हणजे मला हुशार दिसायचं होतं. क्षमा. उद्या: अकराच्या आत तिला भेटून बोलणे.” शेवटच्या ओळीत वेळ आहे आणि माणूस आहे, हे बघा. “उद्या अधिक प्रेमाने वागेन” असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. महिन्याभराने ही पानं चाळली की “कुठे निसटलो” याखाली एकच गोष्ट निरनिराळ्या कपड्यांत येताना दिसते.

जिथे भक्तीची किंमत मोजावी लागते

उपासाबद्दल थोडक्यात. एका जेवणापासून सुरू करा, त्या जेवणाची वेळ प्रार्थनेला द्या आणि वाचलेलं अन्न किंवा पैसे गरजूला. खरा उपास कोणता ते सांगणारा यशया ५८ वाचल्याशिवाय उपास करू नये, असं माझं मत आहे. मधुमेह असलेल्यांनी, गर्भवतींनी, औषधं चालू असलेल्यांनी आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी अन्न सोडू नये. त्यांच्यासाठी मोबाईलचा किंवा खरेदीचा उपास आहे, आणि तो काही सोपा नाही.

पैशाचं सांगायचं तर, जक्कया नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता देण्याची आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याची तयारी दाखवली (लूक १९:८). येशूने ती मागितल्याचं लूक कुठेही लिहीत नाही. महिन्याचा हिशेब प्रभूपुढे उघडा ठेवून एकदा प्रार्थना करा. देणगीचा आकडा ठरवणं सोपं असतं. सगळा हिशेब दाखवणं अवघड जातं.

सर्वांत जड पायरी समेटाची. अर्पण वेदीजवळ घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर (मत्तय ५:२३–२४). इथे वाक्यरचना नीट बघा: माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे असं नाही, त्याच्या मनात माझ्याविरुद्ध. म्हणजे “मी तर केव्हाच माफ केलंय” हे उत्तर इथे चालत नाही. जाण्याआधी काय बोलायचं ते दोन वाक्यांत लिहा, आणि त्यात “पण” हा शब्द आला तर खोडा. “मी त्या दिवशी आईसमोर तुला खोटं पाडलं. ते चुकीचं होतं, मला क्षमा कर.” एवढंच बोला आणि ऐकून घ्या. समोरचा लगेच विरघळेलच असं नाही; पौलही म्हणतो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं (रोमकरांस १२:१८). एक अपवाद स्पष्ट सांगतो. ज्याने मारहाण किंवा अत्याचार केलाय त्याच्याकडे एकट्याने जाण्याचा भार पीडित माणसावर हे वचन टाकत नाही. तिथे आधी सुरक्षितता, आणि मदतीला मंडळी व कायदा.

कोरडे दिवस

ते येणारच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बहुतेकांना वाटतं की वचन बोलत नाही, प्रार्थना छताला लागून परत येते. अशा वेळी आधी शरीराकडे बघा. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं (१ राजे १९). झोप पुरेशी नसेल तर आधी झोपा. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आसा राजाने आजारपणात परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधलं, या वचनावरून औषधाविरुद्ध बोलणारे अधूनमधून भेटतात. तिथे तक्रार परमेश्वराला न शोधल्याची आहे. पौलाचा प्रिय सहकारी लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४).

शरीर ठीक असेल तर नेम तोच ठेवा, फक्त लहान करा: एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, संपलं. स्तोत्र ८८ या दिवसांसाठी आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते देवालाच उद्देशून आहे. काही वाटत नसताना ठरल्या जागी येऊन बसणं ही ढोंगबाजी नाही. येशूने ज्यांना ढोंगी म्हटलं ते लोकांनी बघावं म्हणून प्रार्थना करत होते. तुम्हाला तर कुणी बघतही नाही.

एकट्याने नको

नेम बसायला लागला की दोन गोष्टी बिघडू शकतात. एक म्हणजे तुलना. लूक १८ मधला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस) आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशांश देत होता, यातलं काहीच खोटं नव्हतं. दुसरी अधिक फसवी: भक्तीच्या नावाखाली घरची जबाबदारी टाळणं. आईबापांना जे द्यायचं ते “कुर्बान” म्हणजे देवाला अर्पण केलंय, असं सांगणाऱ्यांवर येशूने कडक शब्दांत टीका केली (मार्क ७:९–१३). घरात आजारी माणसाला पाणी हवंय आणि तुमचं मनन चालू आहे, तर उठा.

दोन्हींवर उतारा म्हणजे मंडळी. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन चुकवू नका, आणि एक असा माणूस शोधा, शक्यतो पुरुषांनी पुरुष आणि स्त्रियांनी स्त्री, ज्याला वहीतल्या त्या पानावरचा विषय माहीत असेल. महिन्यातून एकदा भेटा. त्याने उपदेश करायचा नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा: त्या गोष्टीचं काय झालं? “तुम्ही आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा,” असं याकोब लिहितो (५:१६), आणि लगेच एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो. भेटीचा शेवट त्यानेच करा. ऐकलेलं चार भिंतींबाहेर जाऊ देणारा माणूस असेल तर दुसरा शोधा, संकोच करू नका.

तीन महिन्यांनी पहिलं पान पुन्हा उघडा. निवडलेली गोष्ट पूर्ण सुटलेली नसेल. पण तिच्याबद्दल तुम्ही आता प्रभूशी बोलता का, कुणापुढे तरी ती मांडलीत का, एखादं पाऊल उचललंत का, हे बघा. नसेल तर आणखी तीन महिने तीच ठेवा. असेल तर यादीतली दुसरी घ्या. आणि कितीही धडधडलं तरी घरच्यांपैकी एकाला विचारा, “गेल्या काही दिवसांत माझ्या वागण्यात तुला काही फरक दिसतो का?” जे उत्तर मिळेल ते खोडून न काढता त्या रात्रीच्या आढाव्यात लिहा.